किल्ली कोणाकडे?

या अंकाच्या संपादकीयासाठी मी विषय सुचवला तेव्हा आमच्या बैठकीत पहिला आक्षेप आला तो असा : “आपल्याकडे दारूचा प्रश्न आहे, हुंड्याचा आहे, पाण्याचा आहे, आणि तू ऑस्ट्रेलियातल्या जुगाराच्या यंत्रांवर लिहिणार?” आक्षेप रास्त होता. त्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी सगळ्याजणींचं एकमत झालं नाही, पण ‘लिही, मग बघू’ इथवर गाडी आली. म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त झालं एका पत्राचं. आपली एक जुनी वर्गणीदार मैत्रीण गेली काही वर्षं सिडनीच्या पश्चिम भागात राहते आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत काम करते. तिनं लिहिलं आहे, “रात्रपाळी आणि दिवसपाळी यांच्या मधल्या वेळात इथं बाईला एकटीनं जाऊन बसायला जागा कुठली? बागा काळोख्या, ग्रंथालयं बंद, दुकानं बंद. उघडा असतो तो क्लब. तिथं उजेड असतो, स्वच्छ संडास असतो, स्वस्तात जेवण मिळतं, थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा असतो. एकट्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही. आणि आतल्या दालनात यंत्रं मांडलेली असतात. माझ्याबरोबर काम करणारी एकजण नवरा घरात आरडाओरडा करायला लागला की गाडी काढून तिथं जाऊन बसायची. पहिल्यांदा नुसती कॉफी प्यायला. वर्षभरानं घरभाड्याचे पैसे गेले.”

हे पत्र वाचल्यावर मी या विषयाच्या मागे लागले. जे हाती आलं ते केवळ जुगाराबद्दलचं नव्हतं. एक धंदा घरातल्या पैशापर्यंत कसा पोचतो, त्याला आवर घालायला निघालेल्यांना कसं गप्प केलं जातं, आणि या सगळ्यात ‘ज्याची त्याची जबाबदारी’ हे वाक्य किती कामाला येतं, याची ती कहाणी आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

आधी यंत्राबद्दल. ऑस्ट्रेलियात त्याला लाडानं ‘पोकी’ म्हणतात. न्यू साउथ वेल्स राज्यानं १९५६ साली सभासदांच्या क्लबांमध्ये ही यंत्रं ठेवायला कायद्यानं परवानगी दिली. पुढे एकेक राज्य त्या वाटेनं गेलं. आता ही यंत्रं कुठल्या दूरच्या चैनीच्या जागी नसतात. कोपऱ्यावरच्या पबमध्ये, निवृत्त सैनिकांच्या क्लबात, खेळाच्या क्लबात असतात. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये त्यांची संख्या ऐंशी हजारांहून अधिक आहे. जिथं कष्टकरी आणि स्थलांतरित वस्ती दाट, तिथं माणशी तोटाही मोठा. पश्चिम सिडनीचा फेअरफिल्ड हा भाग त्यासाठी नेहमीच चर्चेत असतो.

जुन्या सिनेमात दिसतं तसं दांडा ओढायचं हे यंत्र राहिलेलं नाही. आत संगणक आहे. बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत डाव संपतो आणि बोट पुन्हा बटणावर जातं. एका डावात अनेक ओळींवर पैसे लावता येतात. समजा, एक डॉलर लावला आणि चाळीस सेंट परत आले, तर खरं म्हणजे साठ सेंट गेले. पण दिवे लुकलुकतात, गाणं वाजतं, आणि मेंदूला वाटतं जिंकले. हरण्याला जिंकण्याचे कपडे घालायचे, हे त्या यंत्राचं कसब.

दुसरं कसब टक्केवारीचं. यंत्र सरासरीनं ८७ टक्के परत देतं, असं सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. शंभर घेऊन गेले तर सत्त्याऐंशी घेऊन घरी येईन. पण तो हिशोब प्रत्येक डावाचा असतो, संध्याकाळचा नसतो. परत आलेले सत्त्याऐंशी पुन्हा यंत्रात जातात, त्यांतलेही तेरा टक्के कापले जातात, मग उरलेल्यांतले. तास-दोन तासांत शंभराची नोट कुठं गेली ते कळत नाही, आणि तरीही त्या ८७ टक्क्यांत खोटं काही नसतं.

अॅडलेडच्या एका बाईनं हाच मुद्दा न्यायालयात नेला. वर्षानुवर्षं पैसे घालवल्यानंतर तिनं एका मोठ्या कसिनोवर आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. ‘डॉल्फिन ट्रेझर’ नावाच्या यंत्रात पहिल्या चार चाकांवर तीस-तीस चिन्हं आणि पाचव्यावर चव्वेचाळीस, म्हणजे शेवटच्या चाकावर जुळणं अवघड. आणि खेळणाऱ्याला हे दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयानं दावा फेटाळला. चालू कायद्याच्या चौकटीत ही फसवणूक ठरत नाही, असा निकाल आला. न्यायाधीश बाईच होत्या, डेब्रा मॉर्टिमर. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. जे कायद्यानं मान्यच केलेलं आहे त्याला न्यायालय बेकायदा कसं म्हणणार? म्हणजे प्रश्न पुन्हा कायदा करणाऱ्यांपाशीच येतो.

कायदा करणाऱ्यांना माहिती नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. ऑस्ट्रेलिया सरकारच्याच ‘प्रॉडक्टिव्हिटी कमिशन’नं १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या धंद्याचा सविस्तर अभ्यास केला. २०१० च्या अहवालाप्रमाणे सुमारे सहा लाख माणसं दर आठवड्याला यंत्रावर खेळत होती आणि त्यांतली साधारण ९५ हजार जुगारानं पुरती अडकलेली होती. यंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी सुमारे ४० टक्के पैसा अशा अडकलेल्या माणसांचा होता. जोरात खेळणारीचे तासाला दीड हजार डॉलर सहज जाऊ शकतात, असंही अहवाल सांगतो.

हा ४० टक्क्यांचा आकडा जरा थांबून वाचावा. एखाद्या दुकानाचं दोन पंचमांश उत्पन्न आजारी गिऱ्हाइकांकडून येत असेल, तर ती माणसं बरी होणं त्या दुकानदाराला परवडेल का?

आयोगानं उपायही सांगितले होते, आणि ते टोकाचे नव्हते. एका डावात एक डॉलरपेक्षा जास्त लावता येऊ नये; त्यामुळे तासाचा तोटा साधारण १२० डॉलरवर येईल. आणि दुसरं, खेळायला बसण्याआधीच ‘आज मी इतकेच घालवीन’ ही मर्यादा खेळणाऱ्यानं स्वतः ठरवायची, आणि ती गाठली की यंत्रानं तिला पुढे खेळू द्यायचं नाही. बंदी कुठंच नाही. मर्यादा किती, तेही सरकार ठरवणार नाही.

याच दुसऱ्या शिफारशीवरून ऑस्ट्रेलियाचं राजकारण ढवळून निघालं. ऑगस्ट २०१० च्या निवडणुकीत १५० जागांच्या सभागृहात कुणालाच बहुमत मिळालं नाही. मजूर पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड, त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, यांना अपक्षांची मदत घ्यावी लागली. त्यांतले एक टास्मानियाचे अँड्र्यू विल्की. इराक युद्धाच्या वेळी, २००३ मध्ये, सरकार गुप्तवार्तांचा विपर्यास करतं आहे असं सांगून सरकारी नोकरी सोडणारा हा माणूस. त्यांनी पाठिंब्याच्या बदल्यात पोकीवर मर्यादा ठरवण्याची सक्ती करणारा कायदा मागितला. सप्टेंबर २०१० मध्ये लेखी करार झाला. मे २०१२ पर्यंत कायदा संमत करायचा होता.

धंदा स्वस्थ बसणार नव्हता. क्लब आणि हॉटेलवाल्यांच्या संघटनांनी दोन कोटी डॉलरच्या प्रचाराची तयारी जाहीर केली. बिअरच्या ग्लासाखालच्या चकत्यांपासून दूरचित्रवाणीपर्यंत एकच घोषणा : हे ऑस्ट्रेलियन संस्कृतीला धरून नाही! साध्या माणसाला विरंगुळ्याचे चार पैसे लावायला आता सरकारचा परवाना लागणार, असं चित्र रंगवलं गेलं. मजूर पक्षाच्या ज्या खासदारांच्या जागा काठावर होत्या, त्यांच्या मतदारसंघांत सभा झाल्या. क्लब बुडाले तर मुलांच्या खेळाच्या संघांना पैसे कोण देणार, वेट्रेसच्या नोकऱ्यांचं काय, असं विचारलं गेलं.

मैत्रिणींनो, ‘आपल्या संस्कृतीला धरून नाही’ हे शब्द कानांवर पडले की आपण सावध होतो ना? हुंड्याला विरोध केला, मंदिरप्रवेश मागितला, घरातल्या मारहाणीची तक्रार केली, तेव्हा तेव्हा हेच शब्द आपल्या तोंडावर फेकले गेले. संस्कृतीचं नाव घेऊन कोण बोलतं आहे आणि त्याच्या गल्ल्यात काय जमा होतं आहे, हे विचारायची सवय आपल्याला चळवळीनं लावली. ती सवय इथंही उपयोगी पडते.

आता पुढचा भाग, आणि मला वाटतं आपल्याला सर्वांत जास्त बोचणारा. नोव्हेंबर २०११ मध्ये मजूर पक्षाचे सभापती हॅरी जेंकिन्स पायउतार झाले आणि विरोधी पक्षातले पीटर स्लिपर सभापती झाले. सभापती एरवी मत देत नाहीत. त्यामुळे सरकारचं एक मत वाढलं, विरोधकांचं एक कमी झालं. विल्कींच्या पाठिंब्यावाचून सरकारचं अडेनासं झालं. दोन महिन्यांत, जानेवारी २०१२ मध्ये, गिलार्ड यांनी करारातली सक्ती बाजूला ठेवून राजधानीत आधी प्रयोग करून पाहण्याची योजना पुढे केली. विल्कींनी पाठिंबा काढून घेतला.

हेच स्लिपर पुढे बायकांबद्दलच्या गलिच्छ संदेशांमुळे अडचणीत आले. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांना हटवण्याचा ठराव विरोधी पक्षनेते टोनी अॅबट यांनी मांडला, आणि त्या ठरावाला विरोध करताना गिलार्ड यांनी अॅबट यांच्या स्त्रीद्वेषावर जे भाषण केलं, ते जगभर गाजलं. आपल्यातल्याही कितीतरीजणींनी ते पाहिलं असेल, एकमेकींना पाठवलं असेल. त्यातलं अॅबट यांच्याविषयीचं बोलणं खरंच होतं, आणि ते ऐकून आपल्याला बळही आलं. पण ज्या खुर्चीवरून तो वाद चालला होता, त्याच खुर्चीच्या हिशोबात वर्षभरापूर्वी कष्टकरी घरांना दिलेला शब्द मागे पडला होता, हे त्या भाषणाबरोबर आपल्यापर्यंत आलं नाही. महिनाभरानं, नोव्हेंबर २०१२ मध्ये, जुगार सुधारणेचा कायदा झाला खरा. पण मर्यादा ठरवणं ऐच्छिक होतं. क्लबातल्या एटीएममधून दिवसाला २५० डॉलरच काढता येतील, अशी एक कामाची तरतूद त्यात होती. सत्तांतरानंतर, २०१४ मध्ये, अॅबट सरकारनं त्या कायद्यातल्या मुख्य तरतुदीही काढून टाकल्या.

याआधीचं आणखी एक उदाहरण आहे. व्हिक्टोरिया राज्यात पोकी आल्या त्या १९९१ च्या कायद्यानं. राज्य दिवाळखोरीच्या काठावर होतं, पैसा हवा होता. तेव्हा तिथल्या प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होत्या जोन कर्नर. राज्याच्या पहिल्या महिला प्रीमियर, शाळांच्या पालक चळवळीतून वर आलेल्या. पुढे त्यांनी या निर्णयाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ती खंत खरी असणार. पण तोवर यंत्रं आली होती आणि एकदा आलेलं यंत्र खंतीनं परत जात नाही.

ही दोन्ही उदाहरणं मी बाईला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या जागी पुरुष असता तर त्यानं वेगळं केलं असतं, याला काही आधार नाही. आपण स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या आरक्षणापासून संसदेतल्या आरक्षणापर्यंत बाईच्या हाती सत्ता यावी म्हणून भांडलो आणि भांडत राहू. एवढंच लक्षात ठेवायचं की खुर्चीवर बाई बसली तरी तिजोरीची भूक तीच असते. खुर्चीवरच्या बाईला जर क्लबवाल्यांचे फोन रोज येत असतील आणि घरभाडं गमावलेल्या बाईचा आवाजच पोचत नसेल, तर ती कोणाचं ऐकेल? तो आवाज पोचवणं हे संघटनेचं काम.

गिलार्ड यांच्यानंतरही लढाई थांबली नाही, आणि ती कुठल्या एका पक्षाची राहिली नाही. टास्मानियात मजूर पक्षाच्या नेत्या रिबेका व्हाइट यांनी पब आणि क्लबांमधून पोकी २०२३ पर्यंत काढून टाकायचं आश्वासन देऊन मार्च २०१८ ची निवडणूक लढवली. हॉटेल आणि जुगार व्यवसायानं ‘लव्ह युवर लोकल’ नावाची मोहीम उघडली. व्हाइट हरल्या. जिंकलेल्या लिबरल पक्षाला त्या धंद्याकडून मोठ्या देणग्या मिळाल्याचं लोकांना अधिकृतपणे कळलं ते जवळजवळ वर्षभरानं. मग २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारनं कार्डाची सक्ती जाहीर केली : दिवसाला १००, महिन्याला ५००, वर्षाला ५००० डॉलर ही मर्यादा. २०२४ अखेर ती लागू व्हायची होती. तीही लांबणीवर टाकली गेली.

न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये गुन्हे आयोगानंच सांगितलं, की गुन्ह्यांतून आलेला अब्जावधींचा पैसा पब-क्लबांतल्या यंत्रांतून फिरतो आहे, तेव्हा रोख बंद करून कार्ड आणा. लिबरल पक्षाचे प्रीमियर डॉमिनिक पेरोटे यांनी २०२८ पर्यंत ते करू म्हटलं. समोरच्या मजूर पक्षानं आधी ५०० यंत्रांवर प्रयोग करू म्हटलं. मार्च २०२३ मध्ये मजूर पक्ष जिंकला. एवढ्या एकाच प्रश्नावर ती निवडणूक झाली असं नाही. पण बघा, कॅनबेरात सुधारणा मागणारा पक्ष सिडनीत प्रयोगाच्या आडोशाला उभा, आणि कॅनबेरात विरोध करणारा सिडनीत सुधारणेच्या बाजूला. दोन्ही ठिकाणी धंद्याची मागणी मात्र एकच होती, आणखी थोडा वेळ द्या. दर दिवसाच्या विलंबाची किंमत त्याला पुरेपूर वसूल होत असते.

आता आमच्या बैठकीतल्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळते. तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. एका तरुण मैत्रिणीनं विचारलं, “तुझ्या भल्यासाठी सांगतो, हे आपण बायका जन्मापासून ऐकत आलो. उशिरा बाहेर राहू नकोस, एकटी जाऊ नकोस, पैसे तुझ्याकडे ठेवू नकोस. मग प्रौढ बाईनं तिच्या कमाईचं काय करावं, यात सरकारनं का पडावं?”

हा प्रश्न टाळून चालणार नाही. बाईच्या निर्णयशक्तीवर अविश्वास दाखवणारा कुठलाही उपाय मला नको आहे. पण मर्यादा आधी ठरवण्याची कल्पना अविश्वासाची आहे का? आपल्या बचत गटांकडे बघू. किती गावांत पैशाची पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ली दुसरीच्या. कुठं तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तिघींकडे. का? बायकांचा स्वतःवर विश्वास नाही म्हणून? नाही. त्यांना ठाऊक असतं, की रात्री नवरा पैसे मागेल, दीर उधार मागेल, सणाला मन मोह घालेल. म्हणून शांतपणे, सगळ्याजणी मिळून, दिवसाढवळ्या घेतलेला निर्णय त्या रात्रीच्या अडचणीपासून जपतात. किल्ली दूर ठेवण्याचा निर्णय त्यांचाच असतो. तिला आपण स्वातंत्र्यावरचं बंधन म्हणत नाही, शहाणपण म्हणतो.

पोकीवर मर्यादा मागणारे दुसरं काय मागत होते? दुपारी चार वाजता, पगार हातात असताना, डोकं शांत असताना बाईनं ठरवलेली रक्कम रात्री अकरा वाजता यंत्रानं मान्य करावी. आज ती किल्ली यंत्र बनवणाऱ्याकडे आहे. डावाचा वेग, दिवे, आवाज, चाकांवरची चिन्हं, सगळं त्यानं शांतपणे, अभ्यास करून ठरवलेलं आहे. त्याच्या बाजूनं वर्षांची तयारी आणि बाईच्या बाजूनं दोन सेकंद. याला तिची निवड म्हणायचं आणि नंतर ‘जबाबदारीनं खेळा’ अशी पाटी लावायची! पाटी लावली की दोष तिचा ठरतो. मारहाण झाली की ‘तू काय बोललीस’ असं विचारणाऱ्यांची आणि ही पाटी लावणाऱ्यांची रीत एकच.

मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शूल यांनी लास व्हेगासमधल्या यंत्रावर खेळणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास केला आणि २०१२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं, की अनेकांना यंत्रासमोर जिंकायचंही नसतं. तिथं बसलं की घर, काम, माणसं, काळजी सगळं काही वेळ पुसलं जातं, आणि तेवढ्यासाठी माणूस पैसे मोजत राहतो. मला हे वाचून आपली मैत्रीण आठवली. दिवसभर दुसऱ्यांची शुश्रूषा करणारी, घरी गेल्यावर पुन्हा तेच करणारी बाई कुणाचंही काही करावं लागणार नाही अशा एका खुर्चीच्या शोधात असते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात जुगार आणि स्त्रियांवरची जोडीदाराची हिंसा यांच्या संबंधावर झालेल्या संशोधनातही दिसलं, की हिंसेपासून सुटका म्हणून काही बायका अशा जागांकडे वळतात; आणि घरात जुगार असेल, मग तो त्याचा असो वा तिचा, तर आधीच असलेली हिंसा वाढते. जुगार हे हिंसेचं मूळ नाही. मूळ बाईला कमी लेखण्यात आहे. पण जुगार त्यात तेल ओततो.

म्हणून माझं म्हणणं असं, की यंत्रावर मर्यादा हवीच, पण तेवढ्यानं आपल्या मैत्रिणीच्या पत्राला उत्तर मिळत नाही. रात्री घरातून बाहेर पडलेल्या बाईला उजेडाची, सुरक्षित, फुकट बसायची दुसरी जागा हवी. ती जागा समाजानं दिली नाही, ती धंद्यानं दिली आणि तिचं भाडं तो अशा रीतीनं घेतो.

नोकऱ्या जातील, क्लब बंद पडतील, या भीतीचं काय? पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात पर्थमधल्या एका कसिनोखेरीज कुठंही पोकी नाहीत. तिथंही पब आहेत, क्लब आहेत, मुलं खेळतात, वेट्रेस कामाला जातात. एका राज्याला जे जमलं ते इतरांना का जमू नये, याचं उत्तर त्यांच्या अंदाजपत्रकात आहे. जुगारावरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि राज्यालाच त्याची चटक लागते.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कसिनोंना नियमात बसवणारा कायदा करून ठेवला होता. तो कधी अंमलात आला नाही, पण ‘महसूल मिळेल’ म्हणून अधूनमधून त्याची आठवण काढली जाई. २०२३ मध्ये तो रद्द झाला, हे बरं झालं. शेजारच्या गोव्यानं १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं ठेवायला वाट करून दिली आणि पाठोपाठ जहाजांवरचे कसिनो आले. ‘मांडवीतून कसिनो हलवू’ ही घोषणा किती सरकारांनी दिली आणि मुदतवाढ किती वेळा झाली, हे गोवेकरांना विचारावं. विरोधात असताना मोर्चे काढणारे सत्तेत आल्यावर मुदतवाढ देतात, ही गोष्ट कॅनबेराइतकीच पणजीतली आहे. तिथं ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ या नावानं लढा उभा राहिला, त्याच्या सबिना मार्टिन्स या ‘बायलांचो साद’ या स्त्री संघटनेतल्या. नावात औरत आधी आहे, ते उगीच नव्हे.

आता तर यंत्राला क्लबाची गरज उरलेली नाही. ते खिशातल्या फोनमध्ये आलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कायदा झाला म्हणजे काम झालं असं दारूबंदीचा अनुभव घेतलेल्या बायकांना कुणी सांगू नये. बंदीआड चोरवाट निघते, आणि धंदा न्यायालयात, दिल्लीत, मुंबईत सवलत मागत राहतो. तेव्हा तिथं आपलं कोण असेल?

आपल्याकडे गावागावांतल्या बायकांनी मतदान घ्यायला लावून दारूच्या दुकानांची बाटली आडवी केली. ती ताकद कुणी आयती दिली नव्हती. गल्लीतल्या बाईला तिच्या गल्लीत काय उघडावं हे ठरवता आलं पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झालं. हेच तत्त्व लॉटरीच्या दुकानाला, ‘व्हिडिओ गेम’च्या नावाखाली चालणाऱ्या अड्ड्याला, फोनवरच्या खेळाच्या जाहिरातीला का लागू होऊ नये? आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं तरी करू या : कर्जाची नोंद करताना कारणांच्या रकान्यात दवाखाना, लग्न, बियाणं यांच्याबरोबर ‘जुगार’ हा शब्दही उघडपणे लिहू या. तो नवऱ्याचा असेल, मुलाचा असेल, स्वतःचाही असेल. लिहिला गेला की मोजला जाईल, आणि मोजला गेला की मागणीला आधार मिळेल.

सिडनीच्या मैत्रिणीनं पत्राच्या शेवटी विचारलं आहे, “आपल्या मासिकात बायकांच्या जुगाराबद्दल कधी कुणी लिहिलंय का गं?” आमच्या फायली चाळल्या. नवऱ्याच्या मटक्याबद्दल पुष्कळ आहे. बाईच्या स्वतःच्या जुगाराबद्दल जवळपास काही नाही. लाजेनं न बोललेलं ते किती आणि नसलेलं किती, हे तुमच्या पत्रांवरूनच कळेल. नाव छापणार नाही. जरूर लिहा, आमच्याशी असहमत असलात तरी लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.